घड्याळ कशाला पाहिजे, मोबाईल आहे ना!

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद पडलंय म्हटलं की प्रत्येक गॅरेजवाला हेच ऐकवतो. अरे बाबा, इंजिन, क्रोम, सीट सगळं ओरिजिनल ठेवायचं आणि समोर कायम पावणेचार वाजलेले बघत बसायचं का? साठच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत घड्याळाच्या आत साधी स्प्रिंग असते हो, ती उतरली की दोन पॉइंट्स, म्हणजे करंट जोडणारे धातूचे टोक, जुळतात, कॉइलला म्हणजे तारेच्या वेटोळ्याला करंट मिळतो आणि झटक्यात चावी परत भरते, बस. ठिणग्यांनी पॉइंट्स काळे पडतात, त्यात मुंबईची दमट हवा, आणि बॅटरी डाऊन असली की चावी भरतच नाही, पॉइंट्स चिकटून राहतात आणि कॉइल जळते. म्हणून गाडी बरेच दिवस उभी ठेवताना बॅटरीची वायर काढा ना! नुसते पॉइंट्स साफ करून थेंबभर तेल दिलं तरी बरीचशी चालू होतात. पण नाही, ह्यांचं एकच, आतली मशीन फेका आणि क्वार्ट्झ टाका. चोर बाजारात मिळतात तीही बहुतेक बंदच, भाव मात्र चालू घड्याळाचा. घड्याळजी म्हणतो हे गाडीचं काम, ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो घड्याळाचं. मग आम्ही जायचं तरी कुठे?