आवाज फुकट, चित्राचे पैसे

परवा संध्याकाळी शेजारच्या अण्णांनी माझ्याकडं टीव्हीचे पैसे मागितले. माझ्या नव्हे, त्यांच्या टीव्हीचे.

झालं असं, की आमच्या घरात लेकराच्या टीव्हीवर बंदी आली. पालकसभेत एका डॉक्टरांनी सांगितलं, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली नियम घालून दिलेत: दोन वर्षांखालच्या लेकराला पडदा दाखवायचाच नाही, पाचपर्यंत फार तर तासभर, पाच ते दहाला दोन तासांच्या आत, तेही मोबाइल धरून. आमचं पोरगं तिसरीत. मी सेट टॉप बॉक्सला पिन टाकला. सात ते नऊ आईच्या मालिका, त्या बंदीतून वगळल्या; तो विषय काढायची छाती घरात कुणाची नाही. पोरगं रडलं नाही, भांडलं नाही. "खेळायला चाललो" म्हणून रोज संध्याकाळी बाहेर पडायचं. हे खेळणं भिंतीपलीकडं अण्णांच्या हॉलमध्ये चालायचं.

अण्णा रिटायर्ड तलाठी. नोकरी सुटली, पण दप्तर सुटलं नाही. परभणीतल्या वसमत रोडच्या आमच्या कॉलनीत कुणाच्या उंबऱ्यापुढं कुणाची मोटारसायकल किती वेळ उभी होती, हे अण्णांच्या डायरीत सापडतं. तर अण्णा आले, "सर, बसू का?" म्हणत बसले, आणि खिशातून एका लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं. त्याच्या कोऱ्या बाजूला हिशोब होता.

"सर, तुमचं लेकरू आमच्याकडं टीव्ही बघायलंय."

"असं का? मी सांगतो त्याला."

"सांगू नका. आधी ऐका." चष्मा कपाळावरून नाकावर आला. "सदर अल्पवयीन इसम रोज सायंकाळी पाच-चाळीसला हॉलमध्ये दाखल. चतुःसीमा: पूर्वेस टीव्ही, पश्चिमेस सोफा, दक्षिणेस कूलर, उत्तरेस मी. पेरा कार्टूनचा."

"अण्णा..."

"जिरायती का बागायती म्हणाल, तर बागायती. कारण मधी दोनदा पाणी अन् एकदा चिवडा दिलाय. चिवड्याचं लावलं नाही मी."

मला वाटलं, आता हसायचं असतं. मी हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी पाकीट उलटं केलं.

"ट्रायनं, म्हणजे केबलवाल्यांवरच्या सरकारी प्राधिकरणानं, २०१९ ला नेटवर्कची महिन्याची फी जास्तीत जास्त १३० केली, तेव्हाची पहिली पावती आहे माझ्याकडं. वर १८ टक्के जीएसटी. झाले १५३ रुपये ४० पैसे. हे झालं मूळ. आता कार्टूनची चॅनेलं मी घेतली नव्हती. मला काय करायचंय? पण लेकरू बातम्या बघून सुकायलं होतं. घेतली. त्याचे वेगळे. सगळ्याचे निम्मे तुमच्याकडं."

"निम्मे कशावरून? ते एकटंच बघतंय का?"

"मी पण बघतो की. म्हणून तर निम्मे म्हणलं. नाहीतर पूर्ण लावले असते."

आता माझंही डोकं फिरलं. म्हणलं, "अण्णा, तुमच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून आमच्या घरात येतो. रात्रीच्या बातम्यांतली भांडणं आमच्या हिला तोंडपाठ झालीत. त्याचं काय?"

अण्णांनी घडीभर विचार केला. तलाठ्यानं वादग्रस्त बांधाकडं बघावं तसं भिंतीकडं बघितलं. मग म्हणाले, "आवाज फुकट आहे, सर. चित्राचे पैसे पडतात."

तेवढ्यात हिनं चहा आणला. चहा पिता पिता अण्णांनी संस्काराचं प्रकरण काढलं. "काहून बंदी घालायलात लेकरावर? आमच्या टायमाला कुणी बंदी घातली होती का?"

घालणार कशावर? मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा आमच्याकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आमच्या गावात टीव्ही आला तो रामायणाच्या वेळी, १९८७ साली. अख्ख्या गावात एक, ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून आणायची. एक जण माळवदावर अँटेना फिरवायचा, खालून सगळे ओरडायचे, "दिसायलंय का?" खाली दिसायचं, वरच्याला काहीच दिसत नसे. तो एपिसोडभर वरच. लेकरांनी किती टीव्ही बघावा, हे तेव्हा लोडशेडिंग ठरवायचं. बापाला वाईट व्हावं लागत नसे.

आता ते काम माझ्या गळ्यात. अन् लेकरानं टीव्ही सोडून करायचं काय, हे ना डॉक्टर सांगतात ना कुणी. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसला टेकतो. संध्याकाळी सहा वाजताही रस्ता चटके देतो. कॉलनीच्या नकाशात एक खुली जागा आहे. तिथं आधी ओटा झाला, मग सभामंडप झाला, आता मंडपाच्या सावलीत चारचाक्या उभ्या असतात. पोरांनी चेंडू टाकला की काचेवरून भांडण. शाळा म्हणते मोबाइल देऊ नका, आणि होमवर्क ग्रुपवर टाकते, तोही रात्री साडेनऊला, सतरा फोटोंत, त्यातले चार आडवे. दोन तासांतला एक तर शाळाच खाते. घरोघरी मोठी माणसं पडद्याला डोळे लावून बसलेली, आणि शिस्त तेवढी तिसरीतल्या पोराला. हे मी पालकसभेत बोललो असतो, पण तिथं बाकीचे आईबाप मोबाइल बघत बसले होते.

असो. अण्णा उठेनात. शेवटी आई आतून आली. मालिकेत ब्रेक लागला होता. "काय कटकट लावलीय रे," म्हणाली, कनवटीची शंभराची नोट सोडली आणि अण्णांच्या हातात ठेवली. अण्णांनी ना लाज धरली ना आढेवेढे घेतले. त्याच पाकिटाचा कोपरा फाडून पावती लिहिली: सदर रक्कम रोख मिळाली, तक्रार नाही. खाली सही, दिनांकासह.

दुसऱ्या दिवशी पाच-चाळीसला पोरगं चपला घालायला लागलं. मी दारात आडवा झालो. "कुठं?"

"अण्णांकडं."

"बंदी आहे ना?"

त्यानं दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून पावती काढली. "पप्पा, आजीनं पैसे भरलेत की. वाया घालवायचे का?"

मी काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला, "पाठवा हो सर, महिनाअखेरपर्यंत क्लिअर आहे त्याचं!"