चाललो न, मग खाऊ दे!

"रोज सकाळी अंबाझरीवर चालून राहिलो, तरी पोट काऊन कमी होऊन नाही राहिलं?" बँकवाल्या भाऊंनी हे विचारलं ते धरमपेठेतल्या टपरीवर, तर्री-पोह्याची दुसरी प्लेट सांगता सांगता.

जिमवाला पोट्टा लगेच सरसावला. "भाऊ, नुसतं चालून काय होते? पोटाला पट्टा बांधा, क्रंच मारा, घाम काढा."

"घाम म्हणजे चरबी नव्हे बे," मी म्हणालो. "मे महिन्यात नागपुरात नुसतं बसलं तरी धारा लागतात, त्यानं कोणी बारीक झालं का? घामात पाणी अन् मीठ जाते. पाणी प्यालं की वजन परत जागेवर. क्रंचनं पोटाचे स्नायू बळकट होतात, पण चरबी आधी कुठली उतरवायची ते शरीर ठरवते."

त्याला पटलं नाही, पण मला भाऊंचीच जास्त काळजी होती. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण 120 ते 150 कॅलरी खर्च होतात. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजेही जवळपास 120. पिठूळ पदार्थ असोत की प्रथिनं, ग्रॅममागे 4 कॅलरी, तेला-तुपात 9. तर्रीवर जो लाल तवंग असतो, तो तेलाचाच.

"अबे, चाललो म्हणून तं खाऊन राहिलो न!"

"भाऊ, तुमचं पोट इथंच अडते. चालणं सोडू नका, साखर-रक्तदाबासाठी ते लागतेच. पण त्याची मजुरी घरी पोहोचायच्या आधी वसूल करू नका. दुसरी प्लेट, वरून गोड चहा, मग ऑफिसात कोणाच्या पोराची बर्फी. यातलं तुम्ही काहीच मोजत नाही, फेरी मात्र बरोबर मोजता."

भाऊ गप्प झाले, तर मास्तर बोलले. त्यांचा भरवसा उपासावर. "चतुर्थी, एकादशी पाळतो मी." पाळता, पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचा कूट, तूप, बटाटा. त्या दिवशीचं जेवण एरवीपेक्षा जड होते. मास्तर, उपास देवासाठी करा, मी आडवा येणार नाही. वजनासाठी म्हणाल तर वाद घालीन.

मिहानमधल्या कंपनीतला पोट्टा रात्रपाळी करून थेट टपरीवर आला होता. त्याला मी म्हणालो, तू आधी झोप. 2010 साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या 10 जणांवर एक प्रयोग केला. जेवण दोन्ही वेळा मोजून, कमीच. चौदा दिवस झोपायला साडेआठ तास आणि चौदा दिवस साडेपाच. वजन दोन्ही वेळा सारखंच, 3 किलोच्या आसपास उतरलं. पण पुऱ्या झोपेत त्यातली चरबी 1.4 किलो होती आणि अपुऱ्या झोपेत फक्त 0.6. बाकी बहुतेक स्नायूंसारखा बिनचरबीचा भाग गेला. शिवाय जागरणानं भूकही वाढते.

"दहाच माणसं? एवढ्यावरून सांगता?" मास्तरांचा सवाल रास्त होता. प्रयोग छोटाच. पण झोप कमी पडली की माणूस जास्त खातो, हे इतर अभ्यासांतही दिसलं आहे. अन् पहाटे तीनला या पोट्ट्याला समोसाच आठवते, काकडी नाही.

मी सगळ्यांना सांगितलं, वजनकाट्यासोबत शिंप्याचा टेपही वापरा. भारतीय पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची 80 च्या वर गेली की मधुमेह-हृदयविकाराचा धोका वाढलेला धरतात. टेप लावताना पोट आत ओढायचं नाही, भाऊ.

भातावर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मास्तर म्हणाले, "भातच सोडा, सगळं ठीक होते." मी म्हणालो, 100 ग्रॅम शिजलेला भात साधारण 130 कॅलरीचा. आपल्या गोळाभातावर कडकडीत फोडणीचं तेल ओततो, त्याचे दोन मोठे चमचे भाताच्या पुढं जातात. मग दोष एकट्या भातावर कायले?

"तेलाशिवाय गोळाभात?" मास्तर उठून उभे राहिले. "मग नाही खाल्लेला बरा."


"एक चमचा घ्या न मास्तर. बंद कोण करायला सांगून राहिलं?"