माप तुमचं होतं, साहेब

नमस्कार साहेब,

तुमच्या इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीसाठी आत फोम घातलेली केस मी शिवून दिली, तिच्यावरचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलानं वाचून दाखवला. "आठ दिवसांत देतो म्हणाले, एकोणीस दिवस लावले. साध्या पिशवीचे १,६५० रुपये. चेन कोपऱ्यात अडकते, आणि फायरप्रूफही नाही." तुम्हाला त्रास झाला, माफी मागतो. चेनचं खरं आहे. कोपरा गोल घ्यायला हवा होता, ती चूक माझी.

पण ते एकोणीस दिवस घशाखाली उतरत नाहीत. ३ जुलैला तुम्ही ५०० रुपये ॲडव्हान्स पाठवलात आणि सायकलच्या जादा बॅटरीचं माप व्हॉट्सॲपवर टाकलंत: ३६ बाय ९ बाय ९ सेंटीमीटर. मी तेव्हाच म्हटलं होतं, बॅटरी एकदा दाखवून जा. तुम्ही म्हणालात, "माप बरोबर आहे, तुम्ही शिवा." १० तारखेला, म्हणजे सातव्या दिवशी, केस तयार होऊन फोटोही गेला. रविवारी १२ तारखेला तुम्ही बॅटरी घेऊन आलात आणि ती आत जाईना. तुम्ही टेप लावताना हँडल आणि किल्लीच्या कुलपाचं टोक मोजायचं राहिलं होतं. खरी लांबी निघाली ४० सेंटीमीटर. चार सेंटीमीटर ओढून वाढवायला ते काही कापड नव्हे, आतला फोम कापलेला असतो. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

बॅटरी एक दिवस ठेवून जा म्हटलं, तर तुम्हाला कासला जायचं होतं. बरोबर आहे, तुमची वस्तू. मग मी थर्माकोलची डमी कापून तिच्यावर माप बसवलं. तोवर १० मिलिमीटरचा ईव्हीए, म्हणजे रबरासारखा घट्ट फोम संपला होता, तो पुण्याहून यायला पाच दिवस गेले. २२ तारखेला माल हातात दिला. फोम आधी मागवून ठेवायला हवा होता, एवढं माझ्याकडं लागतं. दुसऱ्या केसचा एक रुपयाही जादा घेतला नाही, हे मात्र रिव्ह्यूत आलं नाही. पहिली केस अजून दुकानात खिळ्याला लटकतेय, त्या मापाची बॅटरी साताऱ्यात कुणाकडं असली तर सांगा.

किमतीबद्दल थोडं. गादीचा स्पंज घातला असता तर स्वस्तात झालं असतं. पण स्पंज पाणी पितो आणि ओला होऊन बॅटरीला चिकटून बसतो. यवतेश्वरचा घाट चढून तुम्ही कासला जाता, जुलैत तिथं काय पाऊस असतो ते तुम्हाला मी काय सांगू! ईव्हीए पाणी धरत नाही. साडेतीन किलोचं वजन आपटलं तर तळाला दणका बसतो, म्हणून तिथं दुहेरी थर आहे. बॅटरीचे वीज जोडायचे पॉइंट उघडे असतात त्या टोकाला रबरी टोपी बसवलीय, कारण किल्ली किंवा नाणं दोन्ही पॉइंटना टेकलं की शॉर्ट होतं. चार्जरचा कप्पाही त्यासाठीच वेगळा केला. याला साधी पिशवी म्हणालात, ते मनाला लागलं. माझ्या वडिलांनी याच दुकानात ट्रॅक्टरच्या सीटा आणि ताडपत्र्या शिवल्या, मशीन अजून तेच आहे.

फायरप्रूफ हा शब्द माझ्या तोंडातून कधीच गेला नाही. लिथियमची बॅटरी आतून पेटली तर शिवलेल्या कापडानं ती आवरत नाही, आणि आवरते असं सांगून चार पैसे जास्त घेणं मला जमणार नाही. चार्जिंग केसच्या बाहेर काढूनच करा, हे झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून दिलंय. भर उन्हात गाडीत ठेवू नका, हेही तोंडी सांगितलं होतं.

यापुढं वस्तू प्रत्यक्ष बघितल्याशिवाय तारीख द्यायची नाही असं ठरवलंय. मापं लिहून घ्यायला वहीही करायची आहे, बघू. तुमची चेन फुकट बदलून देतो, कोपराही गोल करतो, तासाभराचं काम आहे. सोमवार सोडून कधीही या. फक्त येताना बॅटरी घेऊन या.