खुलासा: १२एएक्स७च्या जागी ६डीजे८ लावू नका

व्हॉल्व्ह प्रीअँपबद्दल (आवाजाचा क्षीण सिग्नल काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबने वाढवणारं यंत्र) एक सल्ला फिरतोय: १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह काढा, ६डीजे८ हा लावा, आवाज खुलतो; दोन्हींना नऊच पिना, सॉकेट तेच. सॉकेट तेच, हे खरं. बाकी सल्ला यंत्राच्या मुळावर उठणारा आहे.

१२एएक्स७चा हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार, ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर १२.६ व्होल्टने चालतो. ९ नंबरची पिन त्याचा मध्य, म्हणून ४-५ एकत्र जोडून, ती जोडी आणि ९ यांच्यात ६.३ व्होल्ट देऊनही चालवता येतो. ६डीजे८चा हीटर फक्त ६.३ व्होल्टचा, आणि त्याची ९ नंबरची पिन आतल्या शील्डची. म्हणजे १२.६च्या जोडणीत दुप्पट व्होल्टेज, ६.३च्या जोडणीत ९ नंबरला हीटरच नसल्याने तो पेटणारच नाही! शिवाय ६डीजे८च्या प्लेटची (उच्च व्होल्टेज मिळणारा आतला भाग) मर्यादा १३० व्होल्ट; १२एएक्स७ची ३००.

१२एयू७ हा तिसरा व्हॉल्व्ह लावला तर हीटर जळत नाही, पण अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल किती पट वाढू शकतो तो आकडा) १००वरून २०पर्यंत घसरतो, आणि फोनो स्टेज (रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणारा भाग) असेल तर आरआयएए इक्वलायझेशन, म्हणजे रेकॉर्डमधल्या खर्ज-तारेचा तोल पूर्ववत करणारी रचनाही बिघडू शकते. ईसीसी८३ मात्र बिनधास्त लावा. तो १२एएक्स७च, युरोपातल्या नावाचा.

पैसे घालायचेच असतील तर आधी जुने कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी, म्हणजे एकदिश वीज, अडवणारे भाग) जाणकाराकडून तपासून घ्या. गळके निघाले तर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल शिरतो त्या जाळीवर) डीसी पोचतो. स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्यातला फिल्टर कपॅसिटर साठलेल्या विजेचा झटका देतो.