भरपाई कोण देणार, तू?

आमच्या सोलापूरच्या फॅमिली ग्रुपवर परवा आतेभावाचा पराक्रम गाजला. मोहोळच्या बाजूला त्याचं ब्रॉयलरचं शेड आहे. पशुवैद्यकीय कॉलेजची एक मुलगी प्रबंधासाठी विष्ठेचे नमुने मागायला आली, तर दादानं तिला गेटवरूनच वाटेला लावलं. वर ग्रुपवर टाकलं, "माझ्या कोंबड्या ठणठणीत हायत. रोग असता तर मेल्या नसत्या का?" त्याखाली अंगठ्यांची रांग, आणि एका काकांचं ठरलेलं, "आपली पोटं दगड पचवतात."

मी स्वीडनमध्ये, उप्सालात, प्रयोगशाळेत दिवसभर असलेच नमुने तपासतो. तिडीक जायचीच.

अरे, ठणठणीत दिसतात हीच तर गोम आहे. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू कोंबडीच्या आतड्यात खुशाल नांदतात. बहुतेक वेळा तिला काहीच होत नाही, आजारी पडतो तो माणूस. ई. कोलाय ओ१५७ पोटात असलेली गाय निवांत रवंथ करत बसते, आणि तोच जंतू लहान पोराच्या पोटात गेला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सांगोल्याच्या बाजारात दात मोजून, चाल बघून खिलार बैलाची कुंडली सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याही नजरेला हा जंतू सापडणार नाही.

आणि नमुना घेणं म्हणजे काय दिव्य असतं? बुटांवर कापडी मोजे चढवायचे, शेडमध्ये तुसावरून एक फेरी मारायची, मोजे उतरवून पिशवीत. कोंबडीला हातसुद्धा लागत नाही. मग ते मोजे पोषक द्रवात बुडवून 37 अंशांवर रात्रभर ठेवायचे, पुढच्या एकदोन पायऱ्या करायच्या, आणि शेवटी जंतू वाढवायच्या लाल प्लेटवर काळ्या बुबुळांचे ठिपके, म्हणजे साल्मोनेलाची खूण, दिसतात का ते बघायचं. दिसले की पुढचा सगळा दिवस फोनवर.

इथं हे शहाणपण आपोआप आलेलं नाही, हेही मी ग्रुपवर लिहिलं. 1953 च्या उन्हाळ्यात आल्वेस्ता नावाच्या इथल्या गावातल्या कत्तलखान्यातून साल्मोनेला देशभर गेला. नऊ हजारांच्या आसपास लोक आजारी पडले, नव्वदेक दगावले. त्यानंतर जनावरांची तपासणी सुरू झाली. वजन वाढवायला खाद्यात अँटिबायोटिक घालणं स्वीडननं 1986 मध्येच बंद केलं. आपल्याकडं कोलिस्टिन, म्हणजे माणसावर दुसरं काही चालेनासं झालं की काढायचं औषध, पशुखाद्यातून बंद व्हायला 2019 उजाडलं.

दादाचं उत्तर लगेच आलं. "काय शिकवलालास बे तू मला तिथं बसून?"

काही गोष्टी मी मुद्दामच लिहिल्या नाहीत. 2022 च्या डिसेंबरात इथंही अंड्यांत साल्मोनेला निघाला आणि दुकानांतून अंडी परत मागवली, हे नाही लिहिलं. वसंतात गाई कुरणात सोडतात तेव्हा हीच स्वच्छ माणसं पोरांना वासरांच्या तोंडात बोटं घालू देतात, आणि माझी आई मात्र दूध उतू जाईपर्यंत तापवल्याशिवाय घोटभर कुणाला देत नाही, हेही नाही. फिनलंडमधल्या नुर्मी आणि रंताला यांचा 1973 चा प्रयोग तर दादापासून लपवूनच ठेवला आहे. मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला, आणि त्या पिल्लांत साल्मोनेलाला पाय रोवता येईना. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाला आईकडून हे जंतू मिळत नाहीत, खुडूक कोंबडीखालच्या गावरान पिल्लाला मिळतात. "गावरान ते गावरान" म्हणणाऱ्यांच्या हातात हे पडलं असतं तर मला दिवाळीपर्यंत ऐकावं लागलं असतं.

पण खरा घाव नंतर बसला. रात्री दादानं ग्रुपवर नाही, मला एकट्याला लिहिलं, "सापडलं समज. गावात बोभाटा झाला, व्यापाऱ्यानं माल उचलला नाही, तर भरपाई कोण देणार, तू?"

इथं कोंबड्यांच्या कळपात साल्मोनेला निघाला तर अख्खा कळप मारतात, पण नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या माथी पडत नाही, कुठं सरकार वाटा उचलतं, कुठं विमा. म्हणून शेतकरी मोजे घालू देतो. स्वीडिश माणूस जात्याच विज्ञाननिष्ठ असतो वगैरे जे मी फिकाला, म्हणजे इथल्या कॉफीच्या सुट्टीत, ऐकून घेतो आणि सोलापूरला पोचवतो, त्यात फार तथ्य नाही. बर्ड फ्लूत कोंबड्या मारल्या तर आपल्याकडेही पैसे मिळतात, म्हणजे कल्पना काही परकी नाही. निदान त्या मुलीला शेडचं नाव गुप्त ठेवण्याची लेखी हमी देता आली असती, आणि निकाल सगळ्यांत आधी दादाच्या हातात देता आला असता, तर गेट उघडलं असतं असं मला वाटतं.

दादाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय देणार? इथल्या कोंबड्यांच्या भरपाईत दर महिन्याला माझ्या पगारातून कापलेला कर आहे. मोहोळच्या शेडसाठी आजवर माझ्याकडून गेले ते फक्त लांबलचक मेसेज.