‘शिळ्या कढीला ऊत’? जुन्या आरपीजींच्या हँडहेल्ड आवृत्त्यांबद्दल

कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. आठवड्याभरात तो मला तीन ठिकाणांहून आला, म्हणजे बऱ्याच जणांना पटलेला दिसतो. मजकूर थोडक्यात असा: जुन्या आरपीजी (एखादं पात्र होऊन लांबलचक गोष्ट खेळायची, अशा) गेमच्या हँडहेल्ड (हातात धरून खेळायच्या यंत्रांवरच्या) आवृत्त्या म्हणजे शिळ्या कढीला ऊत; बारक्या पडद्यावर चित्राचं वाटोळं होतं, संगीत पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं, कंपनी नवीन काही देत नाही, वर सगळं सोपं करून ठेवते; अस्सल अनुभव टीव्हीवरच्या मूळ गेमचाच, आणि ज्यांनी तो घेतलाय त्यांनाच हे कळेल.

मी वर्षानुवर्षं डोंबिवली ते सीएसएमटी प्रवासात हेच गेम खेळत आलोय. तेव्हा एकेक मुद्दा घेतो.

पडद्यापासून सुरुवात करू. सुपर निन्टेन्डो हे टीव्हीला जोडायचं यंत्र, त्याचं चित्र साधारणपणे 256 बाय 224 ठिपक्यांचं. टीव्ही एकवीस इंची असला म्हणून ठिपके वाढत नाहीत, नुसते फुगतात. निन्टेन्डो डीएस या हातातल्या यंत्राचा पडदा 256 बाय 192, म्हणजे रुंदी तेवढीच, उंची थोडी कमी. चित्राचं वाटोळं म्हणावं असं त्यात काही नाही. त्याआधीच्या गेम बॉय ॲडव्हान्सचं मात्र मी मान्य करतो. पडदा 240 बाय 160, त्यामुळे कडेचं चित्र कापलं जायचं. शिवाय पहिल्या मॉडेलच्या पडद्याला उजेडच नव्हता. तेव्हा जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. गाडी आत शिरली की डब्यातल्या दिव्यांच्या उजेडात कोण शत्रू आणि कोण आपला, हे अंदाजानंच ओळखायचं. म्हणून तर त्या आवृत्त्यांचे रंग मुद्दाम जास्तच उजळ ठेवलेले असत. आज तेच रंग उजळ पडद्यावर पाहिले की धुतल्यासारखे फिके वाटतात. पण दोष काढायचा तर त्या एका यंत्राचा काढा, अख्ख्या जमातीचा नको.

संगीताबाबत फॉरवर्ड अर्धा खरा आहे. सुपर निन्टेन्डोत आवाजासाठी सोनीची वेगळी चिप होती, तिला स्वतःची मेमरी होती. गेम बॉय ॲडव्हान्समध्ये गेम चालवणाऱ्या प्रोसेसरलाच वाद्यांची सरमिसळही करावी लागे. ‘फायनल फँटसी 6’ या गेममधला ऑपेरा ‘ॲडव्हान्स’ आवृत्तीत ऐकवत नाही; संगीतकार नोबुओ उएमात्सुंची ती चाल चाळीतल्या भिंतीपलीकडच्या रेडिओसारखी येते. हौशी लोकांनी पुढे तिचा आवाज दुरुस्त करणारे पॅच काढले, ते उगीच नाही. पण 2008 साली डीएसवर आलेला ‘क्रोनो ट्रिगर’ हेडफोन लावून ऐका आणि मग पत्र्याचा डबा म्हणा.

त्याच ‘क्रोनो ट्रिगर’ची टीव्हीवरची नवी आवृत्तीही आहे बरं का. 1999 साली प्लेस्टेशनवर आली, डिस्कवर. लढाई सुरू होताना थांबा, मेनू उघडताना थांबा. मूळ गेमचा वेग हाच त्याचा प्राण, आणि तो टीव्हीवरच्याच आवृत्तीत गेला. डीएसवर डिस्कऐवजी कार्ट्रिज, म्हणजे गेमची कॅसेट असल्यामुळे तो परत आला. फॉरवर्डवाल्यांना ही आवृत्ती आठवत नाही किंवा सोयीनं विसरली जाते.

आता ‘नवीन काही नाही’ हा मुद्दा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी गल्लत इथेच आहे. हे गेम मूळचे जपानी. आपण वाचतो ते इंग्रजी. म्हणजे आपल्यापर्यंत जे आलं ते आधीच कोणीतरी कातरून, शिवून दिलेलं होतं. नव्वदच्या दशकात कार्ट्रिजमध्ये मजकुराला जागा कमी, आणि अमेरिकेत दारू, देव, मरण असल्या शब्दांवर निन्टेन्डोची कात्री. ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये अश्मयुगात आयला नावाची टोळीप्रमुख आहे. ती नायकाला पिण्याची पैज लावते, दोघं भांड्यामागून भांडी रिचवतात, आणि नंतर सगळेच झोपून जातात. 1995च्या इंग्रजीत त्या भांड्यात काय होतं? सूप. सूप पिऊन आडवे झालेले योद्धे मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत. डीएसच्या नव्या भाषांतरात ती पुन्हा दारू झाली, आणि त्या प्रसंगाला अर्थ आला.

नवं ते सगळं चांगलंच, असं मी म्हणत नाही. जुन्या इंग्रजीत त्या गेममधला बेडूक-सरदार ‘दाऊ’, ‘दी’ करत पुराणकालीन इंग्रजी झाडायचा, जणू बखरीतून उडी मारून आलेला. जपानीत तसं काही नव्हतं, म्हणून डीएसच्या भाषांतरात तो बऱ्यापैकी सरळ बोलतो. योग्यच आहे, पण मला तो जुना बेडूक आवडायचा. डीएसवर वाढवलेला ‘लॉस्ट सँक्टम’ भाग तर निव्वळ हेलपाटे आहेत, डोंगर चढा, उतरा, परत चढा. तो मी अर्ध्यावर सोडला.

आणि काही गेम इंग्रजीत अधिकृतपणे आले तेच मुळी हँडहेल्डवर. ‘फायनल फँटसी 3’ जपानात 1990 साली आला. इंग्रजी वाचकाला तो मिळाला 2006 साली, डीएसवर, नव्यानं घडवलेला. ‘ड्रॅगन क्वेस्ट 5’ 1992चा, इंग्रजीत 2009 साली, तोही डीएसवरच. त्यात नायक लहान मुलगा म्हणून सुरू होतो, मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो. लग्नासाठी मूळ गेममध्ये दोन मुली होत्या, बालमैत्रीण बियांका आणि श्रीमंताघरची नेरा. डीएसवर नेराची फटकळ बहीण डेबोरा तिसरी आली. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला गेलो आणि मुलीच्या बहिणीनंच ‘मला का नाही विचारलं’ म्हणून बाही सरसावली, असा तो प्रकार. मी दोनदा बियांका निवडली, तिसऱ्या वेळी डेबोरा. पश्चात्ताप नाही.

‘सगळं सोपं करून ठेवलं’ हे पहिल्या ‘फायनल फँटसी’बद्दल खरं आहे. मूळच्या 1987च्या गेममध्ये प्रत्येक पातळीचे मंत्र मोजकेच वापरता येत. 2004च्या गेम बॉय ॲडव्हान्स आवृत्तीत त्याऐवजी जादूचे गुण, म्हणजे सगळ्या मंत्रांसाठी एकच सामाईक साठा आला आणि गुहांमधली भीती गेली. पण त्या मूळ ‘अवघडपणा’त चुकाही होत्या. बुद्धिमत्तेचा आकडा दिसायचा, पण त्याचा जादूवर काही परिणामच होत नसे. काही मंत्र टाकले तरी घडत काही नसे. तो कस नव्हे, तो बिघाड.

‘फायनल फँटसी 4’चं तर उलटंच आहे. 1991 साली अमेरिकेत गेला तेव्हा ‘2’ या नावानं, आणि चक्क सोपा करून. नायक सेसिल हा काळा सरदार, पण त्याची स्वतःची काळी लाट सोडण्याची चालच काढून टाकलेली. ती आधी 2001 साली प्लेस्टेशनवर परत आली आणि 2005च्या गेम बॉय ॲडव्हान्स आवृत्तीतही आहे. म्हणजे सोपा होता तो टीव्हीवरचा ‘मूळ’ इंग्रजी गेम. त्या आवृत्तीत लढाईच्या घड्याळाचे, म्हणजे कोणाची पाळी कधी याचे, घोळ आहेत, तेही सांगून टाकतो. पण भाषा सुधारतानाही म्हाताऱ्या टेलाची ती जगप्रसिद्ध विचित्र शिवी, ‘यू स्पूनी बार्ड!’, त्यांनी हलवली नाही. शिवाय संवादाच्या चौकटीत बोलणाऱ्याचा चेहरा दिसू लागला. मूळ गेममध्ये तो नव्हता.

मुंबईत या आवृत्त्यांची बदनामी व्हायला आणखी एक कारण आहे: नकली कार्ट्रिज. दक्षिण मुंबईतल्या एका दुकानातून मी असाच एक गेम घेतला होता. वर चकचकीत स्टिकर, किंमत पडेल ती. यंत्र बंद केलं की सेव्ह गायब. मुंब्र्यापर्यंत आलेला राजपुत्र दुसऱ्या दिवशी परत डोंबिवलीलाच. दोन वर्षं मी गेम बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घातल्या. नंतर एका मित्राचं खरं कार्ट्रिज पाहिलं तेव्हा कळलं. अस्सल डीएसवर ठाण्याला गर्दी आत घुसली की नुसतं झाकण मिटायचं, दादर गेल्यावर उघडायचं. गेम तिथेच, त्याच पावलावर थांबलेला असतो.

किमतीबद्दल मात्र मी फॉरवर्डच्या बाजूनं बोलेन, जे त्यानं स्वतः बोललेलंच नाही. डीएसनंतरच्या 3डीएस या यंत्राच्या ऑनलाइन दुकानातली विक्री मार्च 2023मध्ये बंद झाली, आणि जुनी अस्सल कार्ट्रिज आता हौशी संग्राहकांच्या भावानं जातात. तक्रार करायची तर ही करा.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘ज्यांनी मूळ गेम खेळलेत त्यांनाच कळेल’. आमच्या लहानपणी घरोघरी होता तो टीव्ही गेम. ‘9999 इन 1’ची पिवळी कॅसेट, त्यात मारिओ, कॉन्ट्रा आणि तेच पुन्हा दोनशे वेळा. सुपर निन्टेन्डो आमच्या बिल्डिंगमध्ये तर सोडाच, शाळेतही कोणाकडे पाहिला नाही. म्हणून ज्या मित्रानं फॉरवर्ड टाकला होता त्याला विचारलं, तू कुठे खेळलास रे मूळ ‘फायनल फँटसी 4’?

‘हॉस्टेलच्या पीसीवर, गेमच्या यंत्राची नक्कल करणारा एम्युलेटर टाकून,’ तो म्हणाला. ‘थांब, अजून फाइल आहे माझ्याकडे.’ आणि पुराव्यादाखल त्यानं स्क्रीनशॉट पाठवला. संवादाची निळी चौकट, आणि तिच्या कोपऱ्यात सेसिलचा चेहरा.