न पाहिलेल्या प्रोसेसरची सेवा

मी लिनक्सच्या एका वितरणासाठी गणिती लायब्ररींची, म्हणजे इतर प्रोग्रामना उसन्या मिळणाऱ्या तयार कोडची, पॅकेजेस सांभाळतो, असे सांगितले की लोक आदराने माझ्याकडे पाहतात आणि लगेच विषय बदलतात. मॅट्रिक्सचा गुणाकार परीक्षेपुरता शिकून विसरायचा असतो, अशी त्यांची पक्की धारणा असते. वास्तविक पायथनमधील नमपाय असो वा संख्याशास्त्राची आर भाषा, अशा आकडेमोडीचे ओझे अखेर ब्लास नावाच्या लायब्ररीवर येऊन पडते. ब्लासची पहिली रूपरेषा १९७९ सालची. तिची फोरट्रानमधील मूळ आवृत्ती नेटलिब या गणिती सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर आजही मिळते. ती अचूक उत्तर देते, कोणत्याही यंत्रावर चालते, कोणाशी भांडत नाही आणि तरीही कोणाला नको असते, कारण ती संथ आहे.

वेग हवा असेल तर प्रोसेसरच्या खास सूचना वापराव्या लागतात, आणि तिथेच माझ्या छळाला आरंभ होतो. ६४-बिट एक्स८६ प्रोसेसर म्हटला की त्यात एसएसई२ हा एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचा संच असणारच, एवढीच काय ती खात्री. एव्हीएक्स२ हा त्याहून वेगवान संच २०१३ सालापासून येऊ लागला, तोही सर्वांत नाही. नव्या यंत्रावर 'मार्च नेटिव्ह', म्हणजे 'याच प्रोसेसरच्या सगळ्या सूचना वापर', हा पर्याय देऊन बांधलेले (सोर्समधून तयार केलेले) पॅकेज जुन्या यंत्रावर गेले, तर 'इलिगल इन्स्ट्रक्शन' एवढे दोनच शब्द मागे ठेवून प्रोग्राम प्राण सोडतो.

ॲटलास नावाच्या लायब्ररीने यावर काढलेला उपाय विलक्षण होता. बांधणी चालू असतानाच ती गुणाकाराचे असंख्य प्रकार त्या यंत्रावर पळवून पाहत असे, घड्याळ लावून वेळ मोजत असे आणि सर्वांत वेगवान प्रकार निवडत असे. मधेच वेग बदलणारा प्रोसेसर दिसला, तर कॉन्फिगर करतानाच ती अडून बसे. एका माणसाची नाडी पाहून तयार केलेला काढा साऱ्या गावाला पाजावा, तसा हा प्रकार. कारण नाडी आमच्या बांधणी-सर्व्हरची, आणि काढा पिणारे निराळेच. शिवाय त्या सर्व्हरवर शेजारी दुसरे एखादे अवाढव्य पॅकेज बांधले जात असले की मोजमापे बदलत, त्यामुळे एकाच सोर्समधून दोनदा बांधलेले पॅकेज सारखे निघेल याची हमी कोण देणार? डेबियन या वितरणाने तर वापरकर्त्याला ते स्वतःच्या यंत्रावर पुन्हा बांधून घेण्याची सोय ठेवली होती. ही सोय म्हणजे पॅकेज देणाऱ्याने हात टेकल्याची सभ्य कबुली आहे, असे मला नेहमी वाटत आले.

काझुशिगे गोतो यांच्या गोतोब्लासमधून पुढे आलेल्या ओपनब्लासने हा पेच बराच सोडवला. 'डायनॅमिक आर्क' हा पर्याय चालू केला की अनेक प्रोसेसरांसाठीची कर्नेल्स, म्हणजे आकडेमोड करणारे गाभ्याचे तुकडे, एकाच फाइलमध्ये भरली जातात आणि लायब्ररी लोड होताना योग्य ते निवडले जाते. मात्र फाइल फुगते, आणि काल संथपणाची तक्रार करणारे आज आकाराची करतात. त्यांची समजूत घालावी, तोवर कोणी तरी आठ प्रोसेस एकदम सुरू केलेल्या असतात, प्रत्येकीत ओपनब्लासने आठ थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कामाचे धागे, उघडलेले असतात, आणि ते चौसष्ट थ्रेड आठ कोअरवर एकमेकांच्या पायांत पाय अडकवत असतात. याचेही खापर पॅकेजवर फुटते.

मग चाचण्या. दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलू शकतो, आणि वेगवान कर्नेल क्रम बदलल्याखेरीज वेगवान होत नाही. म्हणून 'अपडेटमुळे गणित चुकू लागले' असा संतप्त बग येतो. उघडून पाहावे तर फरक सोळाव्या अंकात. उत्तर मी नम्रपणे लिहितो. आधी लिहून पुसलेली उत्तरे नम्र नसतात.

सध्या रिस्क-व्ही या खुल्या प्रोसेसर-रचनेसाठी वेगवान पॅकेजची मागणी आली आहे. तिथे व्हेक्टर रजिस्टरची, म्हणजे एकदम हाताळायचे आकडे ठेवण्याच्या जागेची, लांबी किती ठेवायची, हे चिप घडवणाराच ठरवतो. मी होकार कळवला आहे, आणि ते यंत्र माझ्याजवळ नाही, हेही कळवले आहे.